तात्यांचा झिरो

चहाचा कप हातात घेऊन तात्या एका जागी उभे आहेत, असं दृश्य मला आठवत नाही. पहिला घोट कॅन्टीनच्या दाराशी, दुसरा ग्राइंडिंग मशीनपाशी, तिसरा कंप्रेसरच्या शेडमध्ये. रिकामा कप मग भलत्याच ठिकाणी सापडायचा. कधी कुणाच्या टूल ट्रॉलीवर, कधी वॉचमनच्या खुर्चीवर, आणि एकदा तर मालकांच्या गाडीच्या टपावर. तो कप टपावर घेऊनच मालक गेटबाहेर पडले होते. कॅन्टीनच्या मावशी म्हणायच्या, "तात्यांला चहा नका देऊ, नळी जोडा. जातील तिकडं पीत जातील."

मी स्वतः आकड्यांचा आणि बैठकीचा माणूस. घरात गॅसचं सिलिंडर कुठल्या दिवशी लावलं ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो, आणि बायको त्यावरून मला पाहुण्यांदेखत हसते. अशा माणसाला तात्यांसारख्याच्या शेजारी बसवणं हा अन्यायच होता. बारामतीच्या एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी मशीनचे प्रोग्रॅम लिहायचो आणि उत्पादनाचा हिशेब ठेवायचो. माझ्या टेबलाला लागूनच तात्यांची काचेची केबिन. तिच्या आत ते, आणि बाहेर मी. मान वर केली की ते उजवीकडे जाताना दिसायचे, खाली घालून वर केली की डावीकडे. संध्याकाळी घरी गेल्यावर माझीच मान दुखायची.

तात्या इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचे. रोज मोटारसायकलवर यायचे. कारखाने सुरू झाले की रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि वळणावळणाला ऊस सांडलेला असतो. तात्या गाडी लावून तो ऊस रस्त्याच्या कडेला ओढत बसायचे. मालक एकदा म्हणाले, "तात्या, आज पुन्हा उशीर." तात्या म्हणाले, "रस्ता साफ करत आलो." मालक म्हणाले, "ते तुमचं काम आहे का?" "न्हाय. पण दिसला." मालक घड्याळाकडे बघून आत गेले. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी त्यांनी तात्यांना सोडलं नव्हतं, आणि त्याचं कारण त्या काचेच्या केबिनमध्ये होतं.

तिथे आमचा टूल प्रीसेटर होता. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमची मशीन आपोआप चालतात, पण त्यांना डोळे नसतात. हातात धरलेलं कापायचं हत्यार, म्हणजे टूल, नेमकं किती लांब आहे हे मशीनला आकड्यात सांगावं लागतं. ते मोजण्याचं यंत्र म्हणजे प्रीसेटर. टूल त्यात उभं करायचं, मागून उजेड सोडायचा, की टोकाची सावली समोरच्या गोल पडद्यावर वीसपट मोठी होऊन पडते. पडद्यावर एक फुली कोरलेली असते. सावली फुलीला टेकवली की बाजूला लांबी दिसते. ती चिठ्ठीवर लिहून ऑपरेटरकडे द्यायची, तो ती मशीनमध्ये भरणार.

पण यंत्राला तरी लांबी कशी कळते? त्यासाठी एक मास्टर असतो. ठरलेल्या, पक्क्या लांबीचा पोलादी दांडा. रोज सकाळी आधी मास्टर लावायचा, त्याचं टोक फुलीला टेकवायचं आणि यंत्राला सांगायचं, ही लांबी अमुक. याला आमच्यात झिरो लावणं म्हणतात. दिवसभरातलं प्रत्येक माप त्या एका झिरोवर उभं राहतं.

आमच्याकडे झिरो फक्त तात्या लावायचे.

केबिनचे नियम होते. चपला बाहेर. पंखा बंद, मग तो मे महिना का असेना. शिंक येत असेल तर गेटपर्यंत जाऊन या. अत्तर लावून आलेल्या एका सेल्समनला त्यांनी काचेपलीकडूनच बोलायला लावलं होतं, आणि बिचारा काचेला तोंड लावून कोटेशन ओरडून सांगत होता. टूल आत आणण्याआधी त्याचा दांडा पुसलेला नसला तर तात्या ते हातात घेत नसत. म्हणायचे, "टूल म्हंजी पाव्हणा. पाय धुतल्याबिगर घरात घ्यायचा न्हाय." पुसायला कंपनीचं बनियन वेस्ट, म्हणजे होजिअरीच्या चिंध्या, त्यांना चालायच्या नाहीत. ते घरून काकूंच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे आणत. धुऊन धुऊन ते इतके मऊ झालेले असत की हातात घेतल्यावर काही घेतलंय असं वाटू नये. मास्टर त्या लुगड्यानेच पुसला जाई.

आकडे सांगण्याची त्यांची एक पद्धत होती. मराठी आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, मशीनच्या आवाजात काय ऐकू येणार? म्हणून एकेक अंक सुटा बोलायचा आणि समोरच्याने तो तसाच परत म्हणायचा. "एक चार नऊ टिंब आठ शून्य." "एक चार नऊ टिंब आठ शून्य." हे नुसतं कामापुरतं असतं तर ठीक. पण माझ्या मेव्हण्याच्या लग्नात कुणीतरी त्यांना वय विचारलं, तर म्हणाले, "सहा एक." विचारणारा माणूस बराच वेळ हात धुवायच्या रांगेत त्यावर विचार करत उभा होता.

या सगळ्याला आम्ही हसायचो, पण एका गोष्टीला हसायची सोय नव्हती. नवीन काम सुरू झालं की पहिला जॉब, म्हणजे मशीनमधून कापून निघालेला पहिला नग, मोजायचा असतो. हा जगभरचा नियम. पहिला बरोबर आला तरच दुसरा लावायचा. आमच्याकडे एक नवा क्वालिटी इंजिनियर आला होता. त्याने तात्यांनी लावलेल्या टूलवरचा पहिला जॉब उचलून मोजायला नेला. नियमाने वागला बिचारा. तात्यांनी काचेतून पाहिलं. बाहेर आले, चपला घातल्या, त्याच्यामागे इन्स्पेक्शन रूमच्या दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"काय बघतोस?" त्यांनी दारातून विचारलं.

"माप बघतोय, तात्या."

"माप मी बघितलंय."

"तुम्ही टूलचं बघितलंय. मी जॉबचं बघतोय."

तात्या वळले. केबिनला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मोटारसायकल काढून शेळगावला निघून गेले. माप बरोबर आलं होतं, हे त्यांनी ऐकलंही नाही. प्रीसेटर कुलपात, त्यामुळे दुपारनंतर तीन मशीन नुसती उभी राहिली. शेवटी मालक स्वतः गाडी घेऊन गेले आणि तात्यांना घेऊन आले. इंजिनियरला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "तात्यांचा पहिला जॉब मोजू नका. बाकी सगळ्यांचे मोजा."

पुढे तो इंजिनियर चाकणला गेला, पण नियम राहिला. कुठे लिहिलेला नव्हता. नवीन माणसाला जुना माणूस सांगायचा. आणि खरं सांगायचं तर त्याने सगळ्यांचा वेळ वाचत होता.

तात्यांना तोंडावर बोलणारा एकच माणूस होता, नवनाथ. सांगवीचा, पस्तिशीचा, मोठ्या व्हीएमसी, म्हणजे आपोआप कापणाऱ्या उभ्या मशीनवरचा ऑपरेटर. हात चांगला आणि जीभ त्याहून चांगली. तात्या त्याच्या मशीनभोवती फेऱ्या मारायला लागले की तो म्हणायचा, "तात्या, बसा की जरा. जमीन काय पळून जात न्हाय."

"तुझ्यावर लक्ष ठेवायला फिरतोय."

"मग एका जागी उभं राहून ठेवा. मला चक्कर येती."

"तुझी चक्कर वेगळ्या कारणाची हाय. काल रात्री कुठं होतास?"

"सासुरवाडीला."

"मग बरोबर."

दोघांत प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. तात्या त्याला 'आगाऊ' म्हणायचे आणि तो त्यांना मागे 'केबिनचा देव' म्हणायचा. नवनाथ अजून कंत्राटावर होता. याआधीची कंपनी बंद पडल्यावर तो बरेच महिने घरी बसून होता, आणि आता मालकांनी त्याला कायम करतो असा शब्द दिला होता. बायकोने त्यासाठी नवस बोललाय, असं तोच हसत सांगायचा. हसायचा, पण दर आठवड्याला माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचाही, "साहेब, माझ्या कागदाचं काही कानावर?"

अशात तो हाउसिंगचा लॉट आला. पंपाची कास्टिंगची घरं, नवीन गिऱ्हाईक. घराच्या आत बेअरिंग बसायची एक पायरी होती, तिची खोली महत्त्वाची. दोन शतांश मिलिमीटर इकडे-तिकडे चाललं असतं, त्याहून जास्त नाही. तात्यांनी सकाळी झिरो लावला, त्या कामाची सगळी टूल नव्याने बांधली, चिठ्ठ्या दिल्या. नवनाथने आकडे भरले, जॉबचा वरचा पृष्ठभाग मशीनला दाखवून आपला झिरो लावला. पहिला जॉब निघाला. नेहमीप्रमाणे कुणी मोजला नाही. पूर्ण लॉट कापून ट्रकमध्ये चढला आणि गेला.

आणि तो ट्रक तसाच परत आला. सगळी घरं चार शतांश जास्त खोल. खोल कापलेलं परत भरता येत नाही. सगळा लॉट भंगार.

मालकांनी मला बोलावलं. मी परत आलेले जॉब मोजले, आकडे मांडले. प्रत्येक जॉबवर, प्रत्येक टूलने, चूक तेवढीच आणि त्याच दिशेने. म्हणजे एखादा आकडा चुकीचा भरला गेलेला नव्हता, कुठला तरी झिरो चुकला होता. झिरो दोन होते. मशीनवरचा नवनाथचा, आणि केबिनमधला तात्यांचा. कुठलाही चुकला असता तरी जॉब असेच निघाले असते. तपासायला काही उरलं नव्हतं, कारण मशीनवर तोवर दुसरं काम चढलं होतं आणि टूल सोडून, कापणाऱ्या टिपा बदलून दुसरीकडे लागली होती. प्रीसेटरवर मास्टर पुन्हा लावून पाहिला, तर झिरो अगदी बरोबर.

मी मालकांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे नवनाथ."

"असं आकडे म्हणत नाहीत. दोन्हीपैकी काहीही असू शकतं."

"तात्यांचा झिरो इतक्या वर्षांत कधी चुकलाय?"

तो एकदा सोडला तर कधी कुणी मोजलाच नव्हता. आणि पहिला जॉब का मोजला नाही, असं मालकांनी नवनाथला सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा शॉपमध्ये सगळेच आपापल्या बुटांकडे बघायला लागले. नवनाथ एवढंच म्हणाला, "माझा झिरो बरोबर हुता." त्याला महिनाअखेरपर्यंत यायला सांगितलं. त्यानंतर यायचं नाही.

त्या दिवसापासून तात्यांच्या फेऱ्या बदलल्या. आधी ते शॉपभर हिंडायचे, आता केबिन ते व्हीएमसी आणि व्हीएमसी ते केबिन एवढंच. नवनाथच्या मागे जाऊन उभे राहायचे. तो म्हणायचा, "काय हाय?" ते म्हणायचे, "काय न्हाय," आणि परत फिरायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांची भाकरी हातातच राहायची. मला काम सुचेना. चालत्या पंख्याचं एक पातं सैल झालं की कसं सारखं तिकडेच लक्ष जातं, तसं झालं.

एका सकाळी त्यांनी काचेवर टकटक केली. मी चपला काढून आत गेलो.

"आकडे लिही," ते म्हणाले.

त्यांनी मास्टर लावला, लुगड्याच्या तुकड्याने पुसला, फुलीला टेकवला. "शून्य." मी लिहिलं. काढला, पुसला, परत लावला. "शून्य." पुन्हा. "शून्य." पुन्हा. कधी एक मायक्रॉन, कधी उणे एक, म्हणजे नसल्यासारखंच. मला वाटलं पाच-सहा वेळा करतील. ते थांबेनात. पुसायची पद्धत बदलून बघत. वरून खाली, मग गोल फिरवून, मग टोकावर बोट दाबून. मध्ये तेलाचा हात लावून पुसलं. नवनाथ चिठ्ठ्या न्यायला आला आणि काचेतून बघत उभा राहिला.

"काय, अभिषेक चाललाय का?"

"जा, काम कर," तात्या म्हणाले.

"किती दिवसाचं काम? आता काय, महिना संपत आला."

तात्यांनी वर पाहिलं नाही. मास्टर पुसला, लावला, सावली फुलीपाशी आणली. "शून्य शून्य टिंब," ते बोलायला लागले आणि थांबले. मीच आकडा वाचला. अडतीस मायक्रॉन. जवळजवळ चार शतांश.

पडद्यावर काहीच वेगळं दिसत नव्हतं. टोक होतं तसंच, काळं, सपाट. तात्यांनी खिशातून भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि मास्टरच्या टोकाकडे बोट केलं. मी वाकून पाहिलं. टोकावर आडवा, तेलाने चिकटून बसलेला, लुगड्याच्या सुताचा एक धागा होता. डोळ्यांना दिसला नसता. पडद्याला पोलाद आणि सूत यांतला फरक कळत नाही. दोघांची सावली काळीच.

धागा असताना झिरो लावला, तर यंत्राला मास्टर आहे त्याहून उंच वाटणार. मग दिवसभरातलं प्रत्येक टूल तेवढं आखूड मोजलं जाणार, आणि मशीन प्रत्येक टूल तेवढं खाली नेणार. दुसऱ्या दिवशी मास्टर पुसला की धागा निघून गेला, आणि झिरो बरोबर. मी हे मनातल्या मनात मांडत होतो तोवर तात्या केबिनच्या बाहेर पडले होते.

चपला न घालता. ते तसेच अनवाणी कंप्रेसरपर्यंत गेले, तिथून गेटपर्यंत, तिथून परत. मोटारसायकलला किक मारली, बंद केली. मावशींनी चहा पुढे केला तो घेतला नाही. मी दारात उभा होतो. मला वाटलं, गेले आता शेळगावला, किल्ली खिशात घालून. पण ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "चल. नवनाथलाबी घे."

मालकांच्या ऑफिसात बसायला खुर्च्या होत्या. कुणी बसलं नाही.

"झिरो माझा चुकला," तात्या म्हणाले.

मालक माझ्याकडे पाहायला लागले. मी धाग्याचं सांगितलं, आकडा सांगितला. मालक म्हणाले, "म्हणजे त्या दिवशीही धागाच होता हे नक्की झालं?"

"नक्की नाही," मी म्हणालो. "असं होऊ शकतं एवढं नक्की झालं. आकड्यांवरून अजूनही दोन्ही शक्य आहे."

तात्या माझ्यावर उखडले. "दोन्ही शक्य हाय म्हंजी काय? त्याची अर्धी नोकरी घालवणार का?"

"तात्या, शांत व्हा," मालक म्हणाले. "तुमची चूक कुठं सिद्ध झालीये?"

"त्याची तरी कुठं झालीय? मग त्याला का हाकलताय?"

तात्या टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. नवनाथ त्यांना वाट देत दाराला चिकटला होता.

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "धाग्याचं सोडा. धागा कुणाच्याबी हातनं ऱ्हाईल. पहिला जॉब मोजला असता तर दुसरा खराब झाला असता का?"

"नसता."

"मग तो का न्हाय मोजला यानं? माझ्या भीतीनं. आन् तुमीच सांगितलं हुतं, तात्यांचा मोजू नका. तुमाला कुणी सांगाय लावलं? मी. एवढं तरी सिद्ध हाय का? का त्यालाबी दोन्ही शक्य हाय?"

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं. मी म्हणालो, "नाही. ते सिद्ध आहे."

मग मालक म्हणाले, "नवनाथ, तू कामावर जा." आणि तो दारातून वळल्यावर, "महिनाअखेरचं विसर."

आम्ही बाहेर आलो. नवनाथ पॅसेजमध्ये थांबला होता. म्हणाला, "तात्या, मी काय पाया पडणार न्हाय हां."

"नको पडू. फरशीला तेल हाय. पँट खराब व्हईल."

"माझा झिरो बरोबरच हुता. तुमी मला वाचवलं असं समजू नका."

"न्हाय समजत."

"मग ठीक हाय," नवनाथ म्हणाला. तो तिथून भरभर मशीनकडे गेला.

तात्यांनी केबिनची किल्ली मालकांच्या टेबलावरच ठेवली होती. मालकांनी ती परत द्यायचा प्रयत्न केला, पण मनापासून नव्हे, आणि तात्यांना ते कळत होतं. पुढचे काही आठवडे ते नवनाथला प्रीसेटर शिकवत होते. स्वतः मास्टरला हात लावत नसत. त्याच्यामागे येरझाऱ्या घालत, "टोक बघ, टोक, भिंग लाव," म्हणत राहायचे, आणि तो म्हणायचा, "तात्या, केबिनचे नियम तुमाला न्हाईत का? तुमच्या चालण्यानं फुली हालती." मग एक दिवस ते आले नाहीत. वर्षाच्या शेवटी त्यांची मुदत संपतच होती. ती कुणी वाढवून मागितली नाही.

मागच्या हिवाळ्यात मी इंदापूरला एका नातेवाइकांकडे गेलो होतो. येताना गाडी शेळगावकडे वळवली. तात्यांचा पेरूचा बाग ऐन तोडणीत होता. शेडमध्ये क्रेट रचलेले, मध्ये वजनकाटा, आणि तात्या बागेतून शेडमध्ये, शेडमधून बागेत. मला पाहून त्यांना आनंद झाला, पण थांबले नाहीत. मी त्यांच्याबरोबर चालत बोललो.

"पहिला जॉब मोजता का?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचे मोजतो. कुणाचाही सोडत नाही."

"नवनाथचाबी?"

"त्याचाही. तो आता कायम आहे."

"चिडत आसंल."

"फार चिडतो. परवा मोजणाऱ्याला म्हणाला, माझ्यावर विश्वास न्हाय का."

तात्या हसले नाहीत. "मग तुमी काय केलं?"

"मोजला."

त्यांनी मान हलवली. मला एक विचारायचं होतं आणि ते मी विचारलं. त्या दिवशी खरंच धागा होता असं त्यांना वाटतं का?

"माझ्या हातून झालं आसंल असंच वाटतं," ते म्हणाले. मग चार पावलांनी, "कदी कदी न्हाय वाटत." आणि शेडपाशी पोचल्यावर, "झोप येत न्हाय बघ त्येच्यावर."

शेडमध्ये त्यांनी पेरूंनी भरलेला एक क्रेट काट्यावर ठेवला, वजन पाहिलं, सुटे अंक म्हणाले आणि उचलून बाजूच्या थप्पीवर ठेवला. काकू पलीकडून आल्या. माझ्याशी हसून बोलल्या, आणि बोलता बोलताच त्यांनी तोच क्रेट थप्पीवरून काढून पुन्हा काट्यावर ठेवला.

तात्या थांबले. त्यांचा एक पाय शेडबाहेर होता. मला वाटलं आता निघाले. हात मागे घेऊन त्यांनी एकमेकांत घट्ट धरले, पण जागचे हलले नाहीत.

"एक पेरू कमी हाय," काकू म्हणाल्या.

काटा माझ्या बाजूला होता, आणि मी आकड्यांचा माणूस. क्रेटचं ठरलेलं वजन बरोबर भरत होतं. काकूंनी काट्याकडे नीट पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडणार होतो.

तात्यांनी माझ्याकडे पाहून मान नकारार्थी हलवली. बागेकडे गेले, एक पेरू तोडून आणला आणि क्रेटमध्ये वरती ठेवला.

"मोज आता," ते काकूंना म्हणाले.